रुग्णवाहिकेतल्या आजारी बाळाचा ऑक्सिजन वाटेत कोण पाहतो? आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य;
मा. आयुक्त, आरोग्य सेवा;
आणि राज्यात रुग्णवाहिका चालवणाऱ्या सरकारी व खासगी सेवांचे जबाबदार अधिकारी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

‘आपल्या तक्रारीतील वाहनात पल्स ऑक्सिमीटर उपलब्ध असल्याचे पडताळणीत आढळून आले, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे,’ असे एका वाक्याचे उत्तर मला अलीकडेच मिळाले. उत्तरात खोटे काही नाही. वाहनात ऑक्सिमीटर होता, मी तो डोळ्यांनी पाहिला होता. तो नव्हता अशी माझी तक्रारच नव्हती. सात महिन्यांच्या बाळाला तो लागत नव्हता, आणि लागत नाही हे कळल्यावर पुढे काय करायचे हे त्या गाडीत ठरलेले नव्हते, ही माझी तक्रार होती. पडताळणी करणाऱ्यांनी साहित्याची यादी पाहिली, तिच्यावर खूण दिसली आणि फाइल बंद केली. हा प्रश्न एका गाडीचा किंवा एका कार्यालयाचा नसल्यामुळे दुसरे अपील करत बसण्याऐवजी मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सेवेचा मोठा भाग बालरुग्ण विभागात आणि एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बालकांच्या विशेष कक्षात गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून, ग्रामीण रुग्णालयातून, कधी थेट पाड्यावरून पाठवलेली बाळे दारात उतरवून घेण्याचे काम मी केले आहे. सेवेत असताना असे पत्र लिहिणे आचारनियमात बसत नाही. आता बसते, हा निवृत्तीचा एक फायदा म्हणायचा.

ज्या प्रवासाबद्दल तक्रार केली त्यात बाळ माझ्या भाचीचे होते. खोकला, ताप, धाप आणि दूध तोडलेले. तालुक्याच्या रुग्णालयात तपासणी नीट झाली, ऑक्सिजन सुरू झाला आणि संदर्भ चिठ्ठीवर वेळेसह ‘ऑक्सिजनवर ९३ टक्के’ अशी नोंद करून बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले. गाडी घाटाला लागल्यावर सोबतच्या कर्मचाऱ्याने खिशातून मोठ्या माणसाच्या बोटाला लावायचा चिमटा काढला आणि बाळाच्या अंगठ्यावर बसवला. बसवला म्हणजे अडकवला, कारण त्या चिमट्यात तो अंगठा अर्धाही भरत नव्हता. आकडा ९७ आला, मग ६४, मग नुसत्या रेघा. त्याने पायाचा अंगठा करून पाहिला, दुसरा हात करून पाहिला, आणि शेवटी अगदी नम्रपणे म्हणाला, “मावशी, एवढ्या बाळाला हे लागतच नाही. पोहोचल्यावर तिथे बघतील.” चिमटा परत खिशात गेला.

त्यानंतर जिल्हा रुग्णालयाच्या दारापर्यंत त्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे कोणालाही माहीत नव्हते. मी मोबाइलच्या उजेडात छाती उघडी ठेवून श्वास मोजत होते. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. दमलेले बाळ प्रत्येक श्वासाबरोबर मान हलवते, हे लक्षण आम्ही नव्या मुलींना आवर्जून शिकवायचो; पण त्या रस्त्यावर मान श्वासामुळे हलते आहे की खड्ड्यामुळे, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ठामपणे सांगता येत नव्हते. जिल्हा रुग्णालयात पावलाला गुंडाळायचा लहान प्रोब, म्हणजे ऑक्सिमीटरचे अंगाला लावायचे टोक, लावला तेव्हा आकडा आला ८१.

बाळ सुखरूप आहे आणि आता घरभर रांगते. पण ९३ वरून ८१ पर्यंतची घसरण घाटात झाली की शहराच्या वेशीवर, नळी नाकातून निघाली होती म्हणून झाली की बाळ थकले म्हणून, हे आज कोणीही सांगू शकत नाही. त्या चिठ्ठीवर निघतानाची नोंद आहे, जिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर पोहोचल्याची नोंद आहे आणि मधला सगळा वेळ कोरा आहे. सेवेत असताना हजारो चिठ्ठ्या हातांखालून गेल्या; त्यांतल्या बहुतेकींचा मधला भाग असाच कोरा असायचा.

हे पत्र पालकही वाचतील म्हणून आकड्यांमागचे कारण थोडक्यात सांगते. तान्ह्या बाळाचे शरीर वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन खर्च करते आणि फुप्फुसातला साठा मात्र तोकडा असतो. त्यामुळे नळी निसटली, नाक चोंदले, श्वास अडखळला, तर मोठ्या माणसाला जेवढी सवड मिळते तेवढी बाळाला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांखाली गेले की बाळाला ऑक्सिजन द्यायचा असतो, आणि झटके, बेशुद्धी, शॉक (रक्ताभिसरण ढासळणे) यांसारखी तातडीची लक्षणे असली तर ९४ च्या खालीच. हे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत. ‘ओठ निळे पडले की कळेलच’ हा समज सर्वांत घातक आहे, कारण निळेपणा उशिरा दिसतो, सावळ्या त्वचेवर आणि गाडीतल्या मिणमिणत्या दिव्यात आणखी उशिरा दिसतो आणि रक्त कमी असलेल्या बाळात तर ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरला तरी दिसेलच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची दोन तृतीयांशांहून अधिक मुले रक्तक्षयी आहेत. म्हणजे ज्या मुलांना गाडीत घालून आपण दूर पाठवतो, त्यांच्याच बाबतीत नजरेचा भरवसा सर्वांत कमी.

आता तक्रारी.

पहिली तक्रार प्रोबची आहे आणि ती मी मुद्दाम विस्ताराने मांडते, कारण कागदावर ती क्षुल्लक दिसते. ऑक्सिमीटर बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतो आणि दुसऱ्या बाजूला किती पोहोचला त्यावरून हिशोब करतो. मोठ्यांच्या चिमट्यात बाळाचे बोट ठेवले की काही प्रकाश बोटातून न जाता बाजूने निसटतो आणि आकडा वरही चुकतो, खालीही चुकतो. खाली चुकला तर निदान धावपळ होते. वर चुकला, तर ‘सत्त्याण्णव आहे, काळजी नको’ असे म्हणून सगळे निर्धास्त होतात, आणि अशा वेळी यंत्र नसलेले परवडले. बाळाला तळहाताभोवती किंवा पावलाभोवती गुंडाळायचा प्रोब लागतो. तो वेगळा मागवावा लागतो, ज्या कंपनीचे यंत्र त्याच्याशी जुळणाराच लागतो, आणि त्याची वायर सर्वांत आधी तुटते. खरेदीत यंत्र एकदा येते आणि प्रोब ‘नंतर’ येतो. हा ‘नंतर’ किती लांबतो हे भांडार सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय हलत्या गाडीत आकडा खरा की खोटा हे ठरवायला नाडीची लाट दाखवणारा पडदा हवा. नुसता आकडा दाखवणाऱ्या चिमट्यावर ती दिसत नाही, किंवा दिसते ती इतकी बारीक की तिच्यावरून काही ठरवता येत नाही. पाय गार पडलेले असतील तर चांगला प्रोबही चाचपडतो. थंडीच्या रात्री सातपुड्यातून येणाऱ्या बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी उबेत ठेवणे हा म्हणून ऑक्सिजन मोजण्याचाच भाग आहे.

दुसरी तक्रार माणसाची. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक स्वरूपाच्या होत्या. गाडीत डॉक्टर ठेवण्याचा त्या वेळचा निर्णय ही आपल्या राज्याची जमेची बाजू आहे आणि मी ती नाकारत नाही. पण संख्याच सांगते की बहुतेक आजारी बाळे मूलभूत गाडीतून जाणार. त्यामुळे ‘प्रगत गाडीत मॉनिटर असतो’ हे उत्तर पुरेसे नाही. आणि गरोदर माता व बाळांची मोफत ने-आण करणाऱ्या १०२ च्या गाडीत बहुतेक वेळा चालकाशिवाय कोणीच नसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून आजारी नवजात बालकाला मोफत वाहनाचा हक्क दिला, पुढे तो वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवला. हा फार मोठा दिलासा आहे, गरीब आईला गाडीभाड्यासाठी दागिने गहाण ठेवावे लागत नाहीत. परंतु वाहनाचा हक्क दिला आणि वाटेतल्या देखरेखीचा दिला नाही, तर ऑक्सिजनवरचे बाळ ओली बाळंतीण आणि चालक यांच्या हवाली होते. चालकाने रस्ता पाहायचा की बाळ?

खासगी गाड्यांबद्दल फार लिहीत नाही. रात्री रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या काही गाड्यांत सिलिंडर असतो आणि तो उघडायची किल्ली नसते, एवढे सांगितले तरी पुरे.

तिसरी तक्रार ऑक्सिजन देण्याच्या पद्धतीची. नवजात बाळाला नाकातल्या नळीने मिनिटाला अर्धा ते एक लिटर, तान्ह्या बाळाला एक ते दोन लिटर, एवढ्यावर सहसा भागते. गाडीतला फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारी नळी, मात्र पंधरा लिटरपर्यंतचा असतो आणि त्याच्या तळाशी अर्धा लिटर अंदाजानेच लावावा लागतो. अंदाज कमी झाला तर बाळ गुदमरते. जास्त झाला तर नुकसान वेगळ्या वाटेने येते: दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळत राहिला, तर डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडून कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणूनच एसएनसीयूमध्ये अशा बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ यांच्या दरम्यान राखण्यासाठी आम्ही रात्रभर नॉब फिरवत असू. तेच बाळ गाडीत चढले की ‘असू दे जरा जास्तच’ म्हणून नॉब पूर्ण उघडला जातो. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाची मात्रा मोजल्याशिवाय ठरत नाही. सिलिंडरचा हिशोबही कोणी मांडत नाही. पूर्ण भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तासांत संपतो, एका लिटरने दिवसभर पुरतो. धारणीहून अमरावतीला किंवा धडगावहून नंदुरबारला निघणाऱ्या गाडीसाठी निघण्यापूर्वी हा भागाकार करणे ही चैन नव्हे.

चौथी तक्रार सर्वांत जुनी आहे. वाटेत काय घडले याची नोंद नसल्यामुळे वाटेत घडलेले नुकसान कोणाच्याच खाती पडत नाही. बाळ पोहोचल्यावर थोड्या वेळाने दगावले की मृत्यू पोहोचलेल्या रुग्णालयात नोंदला जातो आणि कारण ‘न्यूमोनिया’ किंवा ‘कमी वजन’ असे लिहिले जाते. पाठवणारे म्हणतात, आम्ही ऑक्सिजन लावून पाठवले. घेणारे म्हणतात, आले तेव्हाच निळे होते. दोघेही खरे बोलत असतात. बालमृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत ‘वाहन मिळण्यास विलंब झाला का’ हे विचारले जाते, पण वाहनात बाळाचा ऑक्सिजन किती होता हे सांगायला तिथे कागदच नसतो.

या सगळ्यावर ‘ग्रामीण भागात एवढे कसे जमणार’ असे उत्तर येईल, ते मी आधीच खोडून ठेवते. न्यूमोनिया गावातच ओळखून उपचार केल्यास बालमृत्यू घटतात हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले आणि त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथे दाईंनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे साधे साधन वापरात आणले गेले. म्हणजे शिक्षण कमी असूनही मोजणी जमते, साधन हातात बसेल असे दिले तर. दुसरे उदाहरण आपल्याच विभागाचे आहे. कोविडच्या काळात, १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरली. आशाताईंनी पावसापाण्यात लोकांच्या उंबऱ्यावर उभे राहून आकडे लिहून घेतले. जे राज्य धडधाकट माणसांचा ऑक्सिजन त्यांच्या घरात जाऊन मोजू शकले, त्याला सरकारी गाडीत झोपवलेल्या आजारी बाळाचा मोजणे अशक्य आहे, हे मला पटत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ मधील, बालकांच्या न्यूमोनियाविरुद्धच्या ‘सांस’ मोहिमेतही बाळाच्या न्यूमोनियात ऑक्सिमीटरचा वापर सांगितलेला आहे. तो दवाखान्याच्या फाटकाशी थांबावा असे कुठे म्हटलेले नाही.

माझा रोख गाडीतल्या कर्मचाऱ्यांवर मुळीच नाही. त्या रात्रीच्या मुलाने त्याला शिकवले होते तेवढे सगळे केले. त्याला कमी शिकवले होते आणि चुकीचे साधन दिले होते.

तेव्हा मागण्या अशा.

ज्या वाहनातून बालक नेले जाते त्या प्रत्येक वाहनात, मग ते १०८ चे असो, १०२ चे असो किंवा परवानाधारक खासगी असो, नाडीची लाट आणि धोक्याची सूचना दाखवणारा हाती धरायचा ऑक्सिमीटर, नवजात व लहान मुलांचे प्रोब आणि एक जादा प्रोब असावा. सायरनच्या आवाजात बीप ऐकू येत नाही, म्हणून सूचना दिव्यानेही मिळावी. प्रोब हा खर्ची पडणारा माल मानून त्याचा दरकरार वर्षभर चालू ठेवावा आणि पाळी सुरू होताना ‘उपलब्ध’ अशी नव्हे तर ‘लावून पाहिला, चालू’ अशी सही घ्यावी. नवजात बालकांसाठी स्वतंत्र रुग्णवाहिकांची घोषणा झाली आहे, तिचे स्वागत. मात्र त्या मोजक्याच असतील आणि बाकीच्या गाड्यांची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

ऑक्सिजनवर असलेले एकही बाळ प्रशिक्षित सोबत्याशिवाय गाडीत चढवू नये. सोबती उपलब्ध नसेल तर पाठवणाऱ्या रुग्णालयाने परिचारिका द्यावी आणि तिच्या जागी पाळीला कोण येणार हे विभागाने आधीच ठरवावे. नाहीतर एका वॉर्डातली मुले उघडी टाकून दुसऱ्या बाळाला वाचवल्यासारखे होईल. प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून नको. प्रत्येक कर्मचाऱ्याने जवळच्या एसएनसीयूमध्ये प्रत्यक्ष बाळाच्या पावलाला प्रोब गुंडाळून, लाट पाहून, नळी नाकात बसवून दाखवावी.

बाळ निघण्यापूर्वी आकडा स्थिरावलेला असावा, पुढच्या रुग्णालयाला फोन गेलेला असावा आणि सिलिंडरमधला साठा किती वेळ पुरेल हे चिठ्ठीवर लिहिलेले असावे. कमी प्रवाहाचा फ्लोमीटर आणि बाळाच्या मापाच्या नाकातल्या नळ्या गाडीत असाव्यात.

वाटेत ऑक्सिमीटर सतत लावलेला असावा आणि दर दहा मिनिटांनी ऑक्सिजनचे प्रमाण, नाडी, श्वास आणि दिलेला प्रवाह यांची नोंद एका पानाच्या तक्त्यावर व्हावी. आकडा मिळाला नाही तर तसे लिहावे; रेघ मारून सोडू नये. तक्त्याची एक प्रत पालकांना मिळावी. बालमृत्यू अन्वेषणात हा तक्ता सक्तीचा कागद ठरवावा, आणि किती बाळे वाटेतल्या नोंदीसह पोहोचली, किती नोंदीविना, याचे जिल्हावार आकडे विभागाने दर तिमाहीला जाहीर करावेत.

पैशाचा प्रश्न काढला जाईल म्हणून एवढेच लिहिते की यांतली सर्वांत महाग वस्तूही गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे तो छापील तक्ता, जवळजवळ फुकट आहे. पहिल्या टप्प्यात सगळे जमणार नसेल तर नंदुरबार, पालघर, गडचिरोली आणि मेळघाट येथून सुरुवात करावी, कारण रस्ते तिथे लांब आहेत आणि बालरोगतज्ज्ञ दूर आहेत. प्रशिक्षणासाठी मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी मानधनाशिवाय येण्यास तयार आहोत. प्रवासभत्त्याचीही अट नाही.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसल्यास कोणत्या कारणाने, हे विभागाने प्रत्येक मागणीपुढे लिहून जाहीर करावे. उत्तर मला व्यक्तिशः पाठवण्याची गरज नाही. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या सूचना फलकावर लावले तरी चालेल.

कळावे,

आपली नम्र,
बालरुग्ण विभागातील एक निवृत्त परिसेविका